नवं कार्ड आलं, पण गेम तिथंच अडला

परतवाड्याला माझ्या मावसभावाचं घर आहे. मागच्या दिवाळीनंतर आंबिया बहराच्या संत्र्याचे पैसे हाती आले आणि त्यातून त्यानं मुलाला कॉम्प्युटरचं नवं ग्राफिक्स कार्ड घेऊन दिलं. बगीच्यातल्या ठिबकच्या नळ्या बदलायच्या होत्या, ते काम त्यापायी पुढच्या वर्षावर गेलं. मुलगा अमरावतीला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉलेजच्या व्हॅलोरंटच्या संघात त्याला जागा मिळण्यासारखी होती आणि घरचा कॉम्प्युटर ऐन मोक्याला अडखळतो, ही त्याची जुनी तक्रार. कार्ड आलं, बसलं, पंखे फिरले, दिवे लागले. गेम सुरू केला. स्क्रीनच्या कोपऱ्यातला आकडा आधी शंभराच्या आसपास घुटमळायचा, तो आताही तिथंच घुटमळत होता. चारपाच खेळाडू एकदम समोर आले, धूर झाला, स्फोट झाले की पूर्वीसारखाच पन्नास-साठवर घसरत होता.

मी गेलो तेव्हा घरात अबोला होता.

"एवढे पैसे देल्ले अन् गाडी तिथंच? त्या दुकानवाल्यानं चुना लावला याले," भाऊ म्हणाला.

"दुकानवाल्याचं काही नाही काका, आपल्या इथलं नेटच बेकार हाय," हे पुतण्याचं म्हणणं.

दोघंही चुकत होते. कार्ड अस्सल होतं आणि चांगलं होतं. नेटचा तर कोपऱ्यातल्या त्या आकड्याशी थेट संबंधच नव्हता. अडचण तिसरीकडेच होती. ती समजायला कॉम्प्युटरचं झाकण उघडण्याआधी गेमचं एक चित्र तयार कसं होतं, हे पाहावं लागतं. हा प्रश्न एका घरापुरता नाही. अमरावती-अकोल्यात जुना कॉम्प्युटर ठेवून फक्त कार्ड बदलणारी मुलं भरपूर आहेत आणि त्यांचे पैसे भरणारे आईवडीलही.

एक चित्र, दोन कामगार

गेम म्हणजे भराभर बदलणाऱ्या चित्रांची मालिका. एका सेकंदात किती चित्रं तयार झाली, तो आकडा म्हणजे एफपीएस. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील तर एका चित्रासाठी साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हवी असतील तर जेमतेम ६.९. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.)

या वेळात दोघांना काम करायचं असतं. पहिला प्रोसेसर. माऊस किती हलला, कोणतं बटण दाबलं, सर्व्हरकडून काय निरोप आला, दहा खेळाडू आता कुठे आहेत, गोळी लागली की हुकली, पावलांचा आवाज कुठल्या कानात ऐकवायचा, हा सगळा हिशेब त्याचा. तो झाला की प्रोसेसर कार्डाला कामाची यादी देतो. ही भिंत काढ, हा हात काढ, हा धूर काढ. अशा प्रत्येक हुकुमाला ड्रॉ कॉल म्हणतात आणि एका चित्रात ते शेकड्यांनी, कधी हजारांनी असतात.

दुसरा कामगार ग्राफिक्स कार्ड. त्याच्याकडे हजारो छोटे गणिती घटक असतात आणि ते एकच प्रकारचं गणित वेगवेगळ्या ठिपक्यांवर एकाच वेळी करतात. साध्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजार ६०० ठिपके. सेकंदाला १४४ चित्रं धरली तर जवळपास ३० कोटी ठिपक्यांचे रंग दर सेकंदाला ठरवायचे. हे काम प्रोसेसरला झेपणारं नाही, म्हणून कार्ड असतं. पण कोण कुठे उभा आहे हे प्रोसेसरनं सांगितल्याशिवाय कार्डाला एक ठिपकाही रंगवता येत नाही.

दोघं आलटून पालटून थांबत नाहीत, एकाच वेळी राबतात. कार्ड पहिलं चित्र रंगवत असतं, तेव्हा प्रोसेसर दुसऱ्याची यादी करत असतो. त्यामुळे चित्रांचा वेग दोघांच्या वेळेच्या बेरजेवर ठरत नाही. जो जास्त वेळ घेतो, त्याच्यावर ठरतो.

मूर्तिजापूरचा फलाट

अचलपूर-परतवाड्याच्या माणसाला हे शकुंतलेच्या उदाहरणानं पटकन कळेल. अचलपूर ते मूर्तिजापूर ही ७६ किलोमीटरची अरुंद रेल्वे, रुळांमधलं अंतर फक्त ७६२ मिलिमीटर. वऱ्हाडातला कापूस मुंबईच्या बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचवायला ब्रिटिश कंपनीनं ती टाकली. मूर्तिजापूरला मुंबईकडे जाणारी १६७६ मिलिमीटरची मोठी लाइन लागायची. छोट्या डब्यांतल्या गाठी तिथं उतरवायच्या आणि मोठ्या डब्यांत भरायच्या.

आता समजा, मोठ्या लाइनवर कोणी दुप्पट ताकदीचं इंजिन जोडलं. मुंबईला कापूस दुप्पट जाईल का? नाही जाणार. शकुंतला जेवढ्या गाठी आणून टाकेल तेवढ्याच पुढे जातील आणि मोठं इंजिन फलाटावर वाफ सोडत उभं राहील. पुतण्याचं नवं कार्ड म्हणजे ते मोठं इंजिन. त्याचा प्रोसेसर होता २०१८ सालचा, चार कोअरचा. त्या वेळी रास्त किमतीत चांगला होता, आता मात्र तोच शकुंतला झाला होता.

आकड्यांत सांगतो. समजा एका चित्रासाठी प्रोसेसरला १० मिलिसेकंद लागतात आणि जुन्या कार्डाला ९. चित्र दर १० मिलिसेकंदांनी येणार, म्हणजे सेकंदाला १००. कार्ड बदललं, नवं कार्ड तेच काम ४ मिलिसेकंदांत करतं. तरीही प्रोसेसरचे १० आहेतच. सेकंदाला चित्रं १००, आणि कार्ड प्रत्येक चित्रामागे ६ मिलिसेकंद रिकामं बसलेलं. हेच प्रोसेसर बदलून त्याचा वेळ ६ मिलिसेकंदांवर आणला असता, तर जुन्या कार्डावर दर ९ मिलिसेकंदांनी चित्र आलं असतं, म्हणजे १११. दोन्ही बदलले तर १६६. संगणकशास्त्रात जीन अॅमडाल या अमेरिकन अभियंत्यानं १९६७ मध्ये याच्याच जवळचा एक नियम मांडला. कामाचा एक भाग कितीही वेगवान केला, तरी न सुधारलेला भाग एकूण वेगाला मर्यादा घालतोच.

ऑनलाइन गेमचं वेगळेपण

हेच कार्ड पुतण्यानं मोठ्या जंगलाचा, पाण्याच्या प्रतिबिंबांचा, एकट्यानं खेळायचा एखादा देखणा गेम चालवायला घेतलं असतं, तर फरक लगेच दिसला असता. तिथं रंगवण्याचं काम अवाढव्य असतं आणि अडतं ते कार्डापाशी. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक यांसारख्या स्पर्धेच्या गेमांचं गणित उलटं आहे. साध्या कॉम्प्युटरवरही चालावेत म्हणून त्यांची चित्रं मुद्दाम हलकी ठेवलेली असतात आणि खेळणारे ती आणखी हलकी करून खेळतात. कार्डाचं काम त्यामुळे कमी होतं. प्रोसेसरचं मात्र कमी होत नाही, कारण समोर दहा माणसं आहेत हे काही बदलत नाही. वर चित्रं सेकंदाला साठ नव्हे, दीडदोनशे हवी असतात. म्हणजे प्रोसेसरला तोच हिशेब सेकंदाला दीडदोनशे वेळा करायचा. त्यातच मागे चोरी पकडणारा प्रोग्राम चालू, मित्रांशी बोलायचं अॅप चालू, ब्राउझरमध्ये दहा टॅब उघडे.

सर्व्हरकडे पाहिलं की हे आणखी स्पष्ट होतं. व्हॅलोरंटचा सर्व्हर सेकंदाला १२८ वेळा सामन्याचा हिशेब करतो, म्हणजे दर ७.८ मिलिसेकंदांनी एकदा. हा सर्व्हर चित्र काढतच नाही, तो फक्त प्रोसेसरवर चालतो. एका कोअरवर तीनपेक्षा जास्त सामने चालवता यावेत म्हणून गेम बनवणाऱ्या रायट कंपनीच्या अभियंत्यांनी तो हिशेब सुमारे २.३४ मिलिसेकंदांच्या आत बसवायचं उद्दिष्ट ठेवलं होतं. सुरुवातीला त्याला ५० मिलिसेकंद लागत. ऑनलाइन गेमचा गाभा हा असा हिशेबाचा आहे, चित्रं नंतर येतात.

प्रोसेसर घेताना मग कोअर मोजायचे का? काही प्रमाणात. आज सहा कोअर असावेत, चार अपुरे पडतात. पण गेमच्या हिशेबाचा बराच भाग एकामागून एक करावा लागतो. गोळी सुटल्याशिवाय ती लागली का हे ठरत नाही. त्यामुळे सोळा कोअरपेक्षा एकेका कोअरचा वेग आणि त्याच्या हाताशी असलेली कॅशे मेमरी जास्त कामाला येते. एप्रिल २०२२ मध्ये एएमडीनं ५८०० एक्स३डी नावाचा प्रोसेसर आणला. आठच कोअर, थोडा कमी वेग, पण आधीच्या भावंडाच्या ३२ एमबीऐवजी ९६ एमबी एल-३ कॅशे. गेममध्ये तो आधीच्यापेक्षा सरस ठरला. लागणारी माहिती रॅमपर्यंत न जाता उशाशीच मिळाली की प्रोसेसरचा खोळंबा वाचतो.

घरच्या घरी केलेली तपासणी

पुतण्याच्या टेबलापाशी आम्ही तासभर बसलो. दुकानात जाऊन भांडण्याआधी कोणालाही करता येईल अशी ही तपासणी आहे आणि तिला एक पैसाही लागत नाही.

आधी गेममधली एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक बंद केलं, नाहीतर आकडा तिथंच अडलेला दिसतो आणि दोष भलत्यालाच जातो. मग गेम चालू असताना कार्ड किती टक्के कामात आहे ते पाहिलं. कार्ड ९५-९९ टक्क्यांवर असेल तर अडतंय कार्डापाशी. आमच्याकडे ते चाळीस-पन्नासच्या मध्ये होतं आणि प्रोसेसरचे चारही कोअर धापा टाकत होते. इथं एक फसगत होते. बारा धाग्यांच्या प्रोसेसरवर एकच धागा पूर्ण भरला, तर एकूण वापर दिसतो फक्त आठ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे प्रोसेसरचा एकूण आकडा कमी दिसला म्हणून तो मोकळा आहे असं समजू नये. कार्डाचा आकडाच खरं सांगतो.

मग पडद्याचं रिझोल्यूशन १०८० वरून ७२० वर आणलं. ठिपके निम्म्याहून कमी झाले, कार्डाचं काम तेवढंच हलकं झालं. कार्डापाशी अडत असतं, तर एफपीएस उडी मारून वर गेला असता. तो जागचा हलला नाही. पुतण्या माझ्याकडे बघत राहिला. "म्हणजे कार्डात खोट नाही," एवढंच म्हणाला. बाप दारात उभा राहून ऐकत होता.

झाकण उघडल्यावर आणखी एक गोष्ट सापडली. रॅमची एकच पट्टी होती. गावोगावी जोडून मिळणाऱ्या कॉम्प्युटरमध्ये हे फार दिसतं. नंतर दुसरी टाकता येईल, असं म्हणून एक पट्टी बसवतात आणि ते नंतर कधी येत नाही. सोळा जीबीची एक पट्टी आणि आठ-आठच्या दोन यांत जागा सारखीच असते. पण दोन पट्ट्या योग्य खाचांत असतील तर प्रोसेसरला रॅमकडे जायला दोन रस्ते मिळतात, एकीत एकच. प्रोसेसर आधीच अडलेला असताना हा रस्ता अरुंद असणं फार महागात पडतं.

आणि मॉनिटर. १४४ हर्ट्झचा विकत आणलेला मॉनिटर विंडोजच्या सेटिंगमध्ये ६० वरच होता! दोन वर्षं. यावर घरात कोणी काही बोललं नाही, मीही विषय वाढवला नाही.

जोडी जुळते कशी

जोडी म्हणजे महागाला महाग, स्वस्ताला स्वस्त इतकं सोपं नाही. काही बेबनाव आत दडलेले असतात. जानेवारी २०२२ मध्ये आलेल्या आरएक्स ६५०० एक्सटी या कमी किमतीच्या कार्डाला प्रोसेसरशी बोलायला फक्त चार मार्गिका आहेत. नव्या पीसीआय ४.० च्या मदरबोर्डवर त्या पुरतात. जुन्या ३.० च्या बोर्डावर प्रत्येक मार्गिकेचा वेग निम्मा होतो आणि कार्ड लक्षात येण्याइतकं मागे पडतं. हे कार्ड घेणारा गिऱ्हाईक बहुधा जुन्याच बोर्डाचा असतो, ही त्यातली गंमत.

डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या इंटेलच्या आर्क बी५८० या कार्डाचं त्या किमतीत पुष्कळ कौतुक झालं. महिन्याभरातच जगभरच्या परीक्षकांना दिसलं की जुन्या, मध्यम प्रोसेसरसोबत ते अपेक्षेपेक्षा बरंच कमी चालतं. कार्डाचा ड्रायव्हर हा प्रोग्राम प्रोसेसरवरच चालतो आणि याचा ड्रायव्हर प्रोसेसरचा जास्त वेळ खात होता. परीक्षणाचे व्हिडिओ बहुतेक वेळा सर्वात वेगवान प्रोसेसरवर केलेले असतात, कारण त्यांना फक्त कार्ड मोजायचं असतं. घेणाऱ्यानं तो आकडा आपल्या टेबलावर मिळेल असं धरलं की फसला. माझ्या मते इथं दुकानदारानं एकच प्रश्न विचारायला हवा: प्रोसेसर कोणता आहे? पुतण्याला तो कोणी विचारला नव्हता. यानंही आपणहून सांगितला नव्हता.

लॅपटॉपमध्ये गोष्ट आणखी गुंतागुंतीची. तिथं दोघंही एकाच पेटीत, बहुतेक वेळा एकाच उष्णतावाहक नळीवर, एकाच चार्जरवर. आरटीएक्स ४०६० हेच नाव असलेलं लॅपटॉपचं कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कुठेही बसवलेलं असतं. डब्यावरचं नाव तेच, ताकद वेगळी. वॅट विचारल्याशिवाय गेमसाठी लॅपटॉप घेऊ नये.

आणि आपल्याकडची बहुसंख्य पोरं खेळतात ती मोबाइलवर. तिथं प्रोसेसर आणि ग्राफिक्स एकाच चिपवर असतात, जोडी कंपनीनं लावून दिलेली, बदलायची सोय नाही. पंखाही नाही. शंभर खेळाडूंच्या बीजीएमआयमध्ये वीसेक मिनिटांनी फोन अडखळायला लागला, तर बहुधा तो तापलेला असतो आणि स्वतःला वाचवायला वेग कमी करत असतो.

कूलरपुढचा कूलर

या तापण्याबद्दल वऱ्हाडात वेगळं सांगायला हवं. परदेशी परीक्षणं वीस-बावीस अंशांच्या खोलीत होतात. मे महिन्यात आपल्या गावातली पत्र्याची किंवा वरच्या मजल्यावरची खोली चाळीस अंशांवर असते. प्रोसेसरवरचा पंखा खोलीतलीच हवा फेकतो, म्हणून खोली जितक्या अंशांनी गरम, जवळपास तितक्याच अंशांनी चिपही जास्त गरम. शंभर अंशांच्या आसपास पोहोचल्यावर बहुतेक प्रोसेसर आपला वेग आपणच उतरवतात. जानेवारीत जुळलेली जोडी मे महिन्यात मोडू शकते ती अशी.

त्यात धूळ. पुतण्याच्या प्रोसेसरच्या पंखाखाली कापसाच्या वातीसारखा थर निघाला. वर्षातून दोनदा तो काढावा आणि तीनचार वर्षांनी चिपवरची थर्मल पेस्ट बदलावी. हा खर्च किरकोळ आहे. खसच्या जाळीचा मोठा कूलर खोलीत लावला तर कोरड्या उन्हाळ्यात कॉम्प्युटरलाही थंडावा मिळतो, पण त्याचा ओलसर झोत थेट पेटीवर घेऊ नये आणि पाण्याचे तुषार तर मुळीच नको. आमच्या गावाकडे "कूलर साफ केला का" हा प्रश्न आता दोन अर्थांनी विचारावा लागतो.

मग नेटचं काय?

नेट वाईट असलं की एफपीएस पडत नाही, पिंग वाढतो. आपण गोळी मारतो आणि समोरचा पडत नाही, किंवा भिंतीआड गेल्यावरही आपण मरतो. हा त्रास वेगळा आणि त्याचं औषधही वेगळं. व्हॅलोरंटचा मुंबईतला सर्व्हर २०२० पासून आहे. परतवाड्याहून मुंबई सरळ रेषेत साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास. काचेच्या तारेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन साडेपाच मिलिसेकंद. तार वाकडीतिकडी जाते, वाटेत थांबे असतात, म्हणून प्रत्यक्षात कितीतरी जास्त लागतात. पण निसर्गाचा हिस्सा तेवढाच. बाकीचं बरंचसं घरातल्या वाय-फायवर जातं. दोन भिंतींआडून येणाऱ्या वाय-फायऐवजी राउटरपासून लॅनची तार ओढली, तर पिंगचं वरखाली होणं थांबतं. तीही पुतण्याकडून ओढून घेतली.

एफपीएसची सरासरीही फसवी असते. समजा शंभर चित्रांपैकी ९९ चित्रं ७-७ मिलिसेकंदांत आली आणि एकाला ८० लागले. सरासरी निघते सेकंदाला १२९. आकडा झकास. पण त्या ८० मिलिसेकंदांत पडदा गोठलेला असतो आणि सामन्यात नेमका तोच क्षण समोरचा माणूस कोपऱ्यावरून बाहेर आल्याचा असतो, कारण तेव्हाच प्रोसेसरवर काम कोसळतं. डोळ्यांनी पाहून बोटानं दाबायला माणसाला सुमारे दोनशे ते अडीचशे मिलिसेकंद लागतात. त्यावर ८० ची भर म्हणजे बरीच झाली. म्हणून परीक्षणं वाचताना सरासरीशेजारी दिलेला सर्वात मंद एक टक्का चित्रांचा आकडा बघावा. चांगला प्रोसेसर तिथं आपली किंमत वसूल करतो.

मुरंब्याचा माणूस आणि परम

कार्ड काढून पुन्हा बसवताना पुतण्याला मी विजय भटकरांची गोष्ट सांगितली. त्याला नाव माहीत होतं, गाव माहीत नव्हतं. ते मूर्तिजापूर तालुक्यातल्या मुरंब्याचे. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक सुरू झालं आणि १९९१ मध्ये भटकरांच्या नेतृत्वाखाली परम ८००० हा भारताचा पहिला महासंगणक तयार झाला. अमेरिकेकडून क्रे मिळण्यात अडचणी आल्या, तेव्हा इथं दुसरा रस्ता धरला गेला. एकच अचाट प्रोसेसर बनवण्याऐवजी ट्रान्सप्युटर नावाच्या साध्या चिप्स एकत्र जोडायच्या. त्या चिपचं वैशिष्ट्य म्हणजे शेजारणींशी बोलायला तिच्यात चार दुवे मुळातच बांधलेले होते. गणित करण्याचा वेग आणि निरोप पोहोचवण्याचा वेग यांचा मेळ बसला नाही, तर कितीही चिप्स जोडल्या तरी त्या एकमेकींची वाट बघत बसतात.

२०२० मध्ये सी-डॅकचाच परम सिद्धी-एआय जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत ६३ वा आला. तो ज्या पेट्यांचा बनला आहे, त्या प्रत्येकीत आठ ग्राफिक्स प्रोसेसर आहेत आणि त्यांना काम पुरवायला दोन मोठे साधे प्रोसेसर. महासंगणकातही जोडी जुळवावी लागते. परतवाड्याच्या टेबलाखालच्या पेटीला ती सूट कुठून मिळणार?

खेळाचे तास

हे पान आरोग्याचंही आहे, म्हणून भावानं विचारलेला दुसरा प्रश्न टाळत नाही. "हे येड लागल्यासारखंच नाही का पण?" जागतिक आरोग्य संघटनेनं गेमिंग डिसऑर्डर हा आजार आपल्या आजारांच्या अकराव्या यादीत घेतला आहे आणि ती यादी जानेवारी २०२२ पासून लागू आहे. पण त्यात तास मोजलेले नाहीत. खेळण्यावरचा ताबा सुटणं, बाकी सगळ्यापेक्षा खेळाला वरचं स्थान मिळणं, आणि नुकसान दिसत असूनही खेळत राहणं, असं साधारण वर्षभर चाललं आणि त्यानं शिक्षण, घर, कामधंदा बिघडला तर तो आजार. पुतण्या परीक्षा देतो, झोपतो, आठवड्याला बगीच्यात जातो. तो आजारी नाही. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ वेगळे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून त्यांच्यावर बंदी आणली आणि ई-स्पोर्ट्सना मात्र त्यांपासून वेगळं मानलं. आईबापांनी हा फरक ओळखायला हवा. मुलगा गेम खेळतो की जुगार, हे विचारायला लाजू नये.

त्याच्या बसण्याबद्दल मात्र मी बोललो. खुर्ची जेवणाच्या टेबलाची होती, मनगट काठावर दाबलेलं, मॉनिटर इतका खाली की मान वाकलेली. मॉनिटरखाली दोन जाड पुस्तकं ठेवून वरची कड डोळ्यांच्या रेषेत आणली. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद लांब बघायचं, म्हणजे एकटक बघून कोरडे पडणारे डोळे मिचकावले जातात. त्याच्या खिडकीतून चिखलदऱ्याचा डोंगर दिसतो, बघायला जागा आहे.

पुढे झालं ते

बोर्ड बदलावा लागला असता तर रॅमही बदलावी लागली असती आणि मग खर्च कार्डाच्याही वर गेला असता. सुदैवानं त्याचा बोर्ड एएम-४ खाचेचा होता. एएमडीनं ही एकच खाच अनेक वर्षं चालवली, त्यामुळे २०१८ च्या बोर्डावरही बायोस अद्ययावत करून २०२२ चा प्रोसेसर बसतो. मात्र बोर्डाच्या कंपनीच्या यादीत त्याचं नाव आहे का, हे आधी तपासावं लागतं. बायोस बदलताना मध्येच वीज गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. परतवाड्यात हे भय काल्पनिक नाही. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून तासाभरासाठी यूपीएस आणला आणि मग हात लावला.

सहा कोअरचा प्रोसेसर वापरलेला मिळाला, रॅमची दुसरी पट्टी नवी घेतली. दोन्ही मिळून कार्डाच्या निम्म्या किमतीच्या आत. कार्ड आता ऐंशी-नव्वद टक्क्यांवर चालतं आणि पडदा अडखळत नाही. पुतण्या संघात राखीव खेळाडू म्हणून घेतला गेला. ठिबकच्या नळ्या अजून बदलायच्या आहेत.

काढलेला जुना प्रोसेसर त्याच्या मामाच्या कृषी सेवा केंद्रातल्या बिलाच्या कॉम्प्युटरला लागला. तिथं तो अजिबात कमी पडत नाही.